देवयानींतील अदृश्य तारा

जी वस्तु स्वतः प्रकाशत नाहीं व आपणावर पडलेला प्रकाशहि परत जाऊं देत नाहीं, तिचा ठाव पंचवीस लक्ष प्रकाशवर्षांवरून कसा लागावा, हें आमच्या वाचकांस कोडें वाटेल. परंतु कृष्णविवर उपाशी असतें तोंवरच लपून राहतें. खावयास लागलें कीं उघडकीस येतें.

विवराशेजारीं एखादा साधा तारा असला म्हणजे त्याचा वायु विवराकडे ओढला जातो. तो थेट आंत न पडतां भोंवऱ्यांतील पाण्याप्रमाणें फिरत राहतो व त्याची तबकडी बनते. कित्येक वर्षें वायु तींत नुसता सांचतो. पुढें ती पुरेशी तापली कीं हायड्रोजनाचे अणु फुटून विद्युद्भारित होतात, घर्षण वाढतें आणि सांचलेला वायु एकदम आंत लोटतो. तेव्हां क्ष-किरणांचा जो उद्रेक होतो तो कांहीं आठवडे वा महिने टिकतो. मग पुनः अंधार. हे किरण पृथ्वीच्या वातावरणांत शोषले जातात, म्हणून त्यांची दुर्बीण उपग्रहावरच ठेवावी लागते.

सन २०१२ च्या जानेवारींत युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ उपग्रहास देवयानी दीर्घिकेंत असा एक नवा बिंदु दिसला. थोड्याच दिवसांत त्याचें तेज सूर्याच्या तीन लक्ष पटींहून अधिक झालें.

पण हा न्यूट्रॉन तारा कशावरून नव्हे? तेज एका मर्यादेपलीकडे गेलें कीं त्याचा दाब येणाऱ्या वायूसच मागें लोटतो, आणि ही मर्यादा वस्तुमानाबरोबर वाढते. म्हणून फार तेजस्वी तो फार जड, असा हिशेब पूर्वीं मांडीत. सन २०१४ मध्यें तो फसला. एम ८२ या दीर्घिकेंतील याहून पुष्कळ तेजस्वी असा एक बिंदु दर १.३७ सेकंदांनीं नियमित स्पंदन पावतांना आढळला. कृष्णविवरास पृष्ठभागच नसल्यामुळें असें स्पंदन त्याजकडून संभवत नाहीं. तो न्यूट्रॉन ताराच ठरला. आपला नियम आपणच मोडावयास शास्त्रज्ञ कचरले नाहींत, हें आम्हांस मूळ शोधाइतकेंच मोलाचें वाटतें.

देवयानींतील बिंदूविषयीं मात्र तेजाखेरीज अन्य पुरावा होता. उद्रेक ओसरूं लागला तसतसा त्याच्या क्ष-किरणांचा वर्णपट आपल्या आकाशगंगेंतील परिचित कृष्णविवरांप्रमाणेंच बदलत गेला. शिवाय तेथून रेडिओलहरी आल्या, व त्या तासाभराच्या आंत कमीजास्त झाल्या. जी वस्तु इतक्या थोड्या वेळांत पालटते, ती प्रकाश तेवढ्या वेळांत जितकें अंतर तोडील त्याहून फारशी मोठी असूं शकत नाहीं. या सर्वांवरून तें विवर सूर्याच्या सुमारें दसपट वस्तुमानाचें असावें, असें अनुमान निघालें. जवळच्या विवरांचें वस्तुमान सोबत्याच्या भ्रमणावरून प्रत्यक्ष मोजतां येतें. येथील सोबती तारा मात्र इतका मंद आहे कीं त्याचें भ्रमण अद्याप मोजतां आलेलें नाहीं.