जात्यावर गायिलेले दुःख

मैत्रिणींनो, तुमच्या मुलीने किंवा सुनेने अलीकडे नंदुरबार, शहादा, तळोदा नाहीतर नवापूरच्या कॉलेजातून पदवी घेतली असेल, तर तिचे प्रमाणपत्र एकदा हातात घेऊन पहा. त्यावर विद्यापीठाचे नाव आहे, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१८ साली हे नाव दिले गेले. आणि जिच्या नावाने आपल्या पोरी पदवीधर होतात, त्या बाईला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते!

बहिणाबाई म्हटले की तव्याचे चटके आणि सुगरणीचा खोपा, एवढेच आपल्याला शाळेपासून आठवते. १९६१ च्या ‘मानिनी’ सिनेमाने तिची गाणी घरोघर नेली. पण त्या गाण्यांतला एक कोपरा असा आहे की तिकडे आपण सहसा फिरकत नाही. तो वैधव्याचा.

जळगावजवळच्या असोद्याची ही मुलगी, जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी आली. तिशीत पोचते न पोचते तोच नथुजी गेले. पदरात तीन लेकरं, पुढ्यात शेतीचा रगाडा. त्या काळी अशा बाईच्या वाट्याला काय येई, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको.

तिने मात्र ते दुःख गाण्यात घातले. कपाळावरच्या कुंकवाखाली नशिबाची रेघ दडून बसली होती, कुंकू गेल्यावर ती उघडी पडली, असे ती एका गाण्यात म्हणते. ज्योतिषाला तर दारातच अडवते. माझे दैव मला कळले, आता तू हात कशाला पाहतोस? दुसऱ्या एका गाण्यात ती धरतीला विचारते, झाड निघून गेले आणि सावली तेवढी मागे राहिली, ही काय जादू? गेलेल्या माणसाबद्दल याहून जास्त काय बोलायचे, सांगा बरं! आणि सांत्वनाला जमलेल्या आयाबायांना ती सरळ बजावते की माझी कीव करू नका. बांगड्या फुटल्या, पण मनगटातली धमक कुठे गेली?

हे तिने शंभर वर्षांपूर्वी गायिले. विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो मे २०२२ मध्ये. पाठोपाठ सरकारचे परिपत्रकही निघाले. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या ‘त्यांना’ बोलवायचं का, यावर आपल्या स्वयंपाकघरात अजून कुजबूज होतेच की नाही?

ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी, तेही ऐका. ती गात असताना मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्यांतली काही टिपून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले, आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. जी कुणी लिहून घेतली नाहीत, ती तिच्याबरोबरच गेली.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या आजेसासूबाई, आई, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी यांना जात्यावरची, लग्नातली, रडण्याची गाणी येत असतील. अहिराणी असो, गुजरी असो की भिली. दुपारी आवराआवर झाली की त्यांना विचारून मोबाइलवर टिपून घ्या, सवडीने वहीत उतरवा. गाणे कुणाचे, कोणत्या गावचे, कधी म्हणत, तेही बाजूला लिहा. ‘ळ’ चा ‘य’ झाला असेल तर तो तसाच ठेवा, पुस्तकी करू नका. आणि गाता गाता त्या थांबल्या, पदर डोळ्यांना लावला, तर मध्ये बोलू नका. मोबाइल चालूच राहू द्या.