कॉम्प्युटर अडतो कुठे? नवा घेण्यापूर्वी एवढे पाहा



दुधाचा हिशेब, सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, मुलांचा अभ्यास अशा कारणांनी खेड्यातल्या पुष्कळ घरांत कॉम्प्युटर आला आहे. त्याबरोबर तक्रारही आली आहे. यंत्र फार हळू चालते, मध्येच अडते आणि नेमके अर्जाच्या शेवटच्या दिवशी बंद पडते. मग कोणी सांगतो, “जुना झाला, नवा घ्या.” बैल चालेना म्हणून आपण त्याला लगेच बाजार दाखवत नाही. खांदा सुजला आहे का, ओझे जास्त झाले का, हे आधी पाहतो. येथेही तसेच करावे.

खळे आणि कोठार

यंत्रातल्या सगळ्या कामांची वाटणी करणारा एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेक घरांत ती विंडोज असते. तिच्याजवळ दोन जागा असतात. रॅम हे खळे, डिस्क हे कोठार. चालू काम खळ्यावर होते, राखून ठेवायचे ते कोठारात जाते. खळे लहान आणि माल फार झाला की कारभारी थोडा माल कोठारात नेतो व लागेल तसा परत आणतो. या ने-आणीत वेळ जातो आणि आपल्याला वाटते, यंत्र अडले. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, त्यामुळे ही ने-आण फारच संथ होते.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘मेमरी’चा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम कमी पडते आहे. मेमरी मोकळी असूनही ‘डिस्क’ सतत शंभरावर असेल तर डिस्क मंद आहे किंवा बिघडत चालली आहे. तबकडीच्या जागी एसएसडी बसवली की जुने यंत्रही चांगले पळू लागते. हा खर्च नव्या यंत्राच्या मानाने बराच कमी असतो. तेथेच ‘स्टार्टअप’ची यादी दिसेल. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे, पण आपल्याला न लागणारे प्रोग्राम तेथे बंद करा. व्हायरसपासून रक्षण करणारा मात्र राहू द्या.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० व ११ मध्ये ‘शट डाउन’ केल्यावर कारभारी बहुधा पुरता उतरत नाही. आपली अवस्था लिहून ठेवून तो सकाळी तेथूनच उठतो. म्हणून यंत्र अडखळू लागले तर ‘रीस्टार्ट’ करा.

निळा पडदा, धूळ आणि वीज

निळा पडदा आला म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. बिघाड सावरता येईना, तेव्हा माहिती खराब होऊ नये म्हणून विंडोज मुद्दाम थांबते. मूळ दोष पुष्कळदा दुसरीकडेच असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षक सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडे सदोष रॅम, उष्णता किंवा धूळ हे कारण असू शकते. मळणीची धूळ पंख्यात बसली की यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. प्लग काढून मऊ ब्रशने जाळी साफ करा. टेबलावरच्या कॉम्प्युटरला यूपीएस जोडा. वीज अचानक गेली की उघड्या फाइली बिघडतात.

अपडेटचा कंटाळा नको

अपडेट कामाच्या वेळी येते म्हणून अनेकजण ते कायमचे बंद करतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये कामाचे तास भरा, म्हणजे त्या वेळात यंत्र आपोआप रीस्टार्ट होणार नाही.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसेल तर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहा. प्रिंटर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते याची खात्री झाल्यावरच ती बसवा.

सर्वांत आधी नक्कल

वरीलपैकी काहीही करण्यापूर्वी कर्जाचे कागद, हिशेब आणि फोटो यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्या, उघडून तपासा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. सगळे बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. यंत्र पुन्हा विकत मिळेल, पण पाच वर्षांचा हिशेब गेला तर तो कोणत्याच दुकानात मिळणार नाही.