आजारी मूल आणि शाळेचा हजेरीपट

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते रेल्वेमुळे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील या जंक्शनावरून हिंगोली-अकोल्याकडे जाणारा मार्ग फुटतो. गावातील अनेक कुटुंबांचा दिनक्रम आजही गाड्यांच्या वेळापत्रकावर चालतो. अशा घरांत ‘सिक’ आणि ‘फिट’ हे दोन शब्द लहान मुलांनाही परिचित असतात. रेल्वेचा कर्मचारी आजारी पडला म्हणजे त्याचे नाव ‘सिक’ म्हणून नोंदले जाते आणि रेल्वेच्या डॉक्टरांनी ‘फिट’ असल्याचा दाखला दिल्याशिवाय त्याला कामावर रुजू होता येत नाही. अंगात ताप असलेल्या माणसाच्या हाती गाडी सोपविणे धोक्याचे असते. आजारपण ही तेथे लपविण्याची बाब नसून कळविण्याची बाब मानली जाते.

त्याच घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र वेगळा प्रकार आढळतो. मुलाला रात्री ताप येतो, सकाळी तापाचे औषध पाजले जाते, अंग थोडे थंड लागताच दप्तर पाठीवर देऊन त्याला शाळेत धाडले जाते. दुपारी औषधाचा अंमल ओसरला की मूल बाकावर मान टाकते. हे केवळ पूर्ण्यात घडते असे नाही. राज्यातील बहुतेक गावांत हाच अनुभव येतो. पालक निष्काळजी असतात म्हणून असे होते, हे म्हणणे न्यायाचे ठरणार नाही. ‘शाळा बुडता कामा नये’ ही शिकवण गेल्या शंभर वर्षांत मोठ्या कष्टाने रुजविली गेली आहे आणि तिच्या मागे भक्कम कारणे आहेत. ती कारणे समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाची उकल होणार नाही.

हजेरीच्या आग्रहाची परंपरा

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही कष्टकरी कुटुंबास जाणवणारी रक्कम होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीखाली होता. तेथे शिक्षणाचा प्रसार उशिरा झाला. त्यामुळे शाळेत आलेले प्रत्येक मूल टिकवून धरण्याची निकड येथे अधिकच होती.

मात्र या परंपरेचा दुसरा पदर सहसा सांगितला जात नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्तीचा एवढा पुरस्कार करणाऱ्या या विधेयकातही मुलाने शाळेत न येण्याची काही कारणे रास्त म्हणून मान्य केलेली होती. आजारपण व शारीरिक दुर्बलता यांचा त्यांत स्पष्ट निर्देश होता. इंग्लंडमधील १८७० च्या शिक्षण कायद्यातही आजारपण हे गैरहजेरीचे वाजवी कारण मानलेले होते. १९१२ मध्ये गोखल्यांचे विधेयक नामंजूर झाले. तरी सक्तीच्या पहिल्या पुरस्कर्त्यांना निरोगी मुलाची गैरहजेरी आणि आजारी मुलाची विश्रांती यांतील फरक पुरता ठाऊक होता, एवढे त्यावरून निश्चित दिसते. हा फरक पुढे व्यवहारात पुसट होत गेला.

दबाव कोठून येतो

हा फरक पुसट होण्यास काही योजनांची रचनाही कारणीभूत झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी शिजविलेल्या अन्नाऐवजी दरमहा ३ किलो धान्य दिले जाई आणि त्यासाठी ८० टक्के उपस्थितीची अट होती. महिन्यात चोवीस दिवस शाळा भरली, तर पाच दिवस तापाने अंथरुणास खिळलेल्या मुलाची उपस्थिती ८० टक्क्यांच्या खाली जाई. मजुरी करणाऱ्या घरात तीन किलो तांदूळ बुडणे ही साधी गोष्ट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शाळेत शिजविलेले जेवण देण्याची पद्धत आली. जो दिवस बुडेल त्या दिवसाचेच जेवण बुडेल, इतका बदल त्यामुळे झाला. दुर्बल घटकांतील मुलींसाठी १९९२ पासून सुरू झालेल्या प्रतिदिन एक रुपया उपस्थिती भत्त्यासही ७५ टक्के उपस्थितीची अट होती. या योजनांनी असंख्य मुले शाळेत आणली, हे त्यांचे मोठे यश होय. तथापि आजारी दिवस वेगळा मोजण्याची सोय त्यांच्या हिशेबात नव्हती.

शिक्षकांवरील दबावही कमी नाही. शाळेतील शिक्षकांची पदे पटावर ठरतात. पटावरील खोट्या नावांना आळा घालण्यासाठी शेजारच्या नांदेड जिल्ह्यात झालेल्या पटपडताळणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करण्यात आली. निम्म्याहून कमी उपस्थिती आढळलेल्या शाळांवर कारवाईची पाळी आली. ती मोहीम आवश्यक होती. पण पाहणीच्या दिवशी वर्ग भरलेला दिसलाच पाहिजे, ही धास्ती तेव्हापासून प्रामाणिक शिक्षकाच्या मनातही घर करून बसली. याशिवाय स्नेहसंमेलनात शंभर टक्के उपस्थितीबद्दल मिळणारे बक्षीस असतेच. वर्षभर एकही दिवस न चुकविलेल्या मुलाचे कौतुक करताना, त्यांपैकी किती दिवस ते मूल अंगात ताप घेऊन आले असेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सर्वांत अवघड कारण घरातच असते. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी चालू असते तेव्हा आई-वडील दोघेही दिवस उगवताच शेतावर जातात. आजारी मुलापाशी थांबायचे तर एका माणसाची मजुरी बुडते. शाळेत निदान सावली आहे, जेवण आहे, लक्ष ठेवणारे गुरुजी किंवा बाई आहेत, असा विचार करून आई मुलाला शाळेत पाठविते. तिच्या या निर्णयास दोष देण्यापूर्वी तिच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता, हे पाहिले पाहिजे.

एका मुलाचा ताप, वर्गाचा प्रश्न

आजारी मूल शाळेत आल्याने त्याचा स्वतःचा आजार लांबतो, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू वर्गातील इतर मुलांची आहे. गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्यापूर्वी सुमारे चार दिवस आणि उठल्यानंतर चार दिवस रोगाचा प्रसार करू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव या भागांत गोवराची साथ आली, तेव्हा हा रोग किती झपाट्याने पसरतो याचा प्रत्यय आला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या साथीतील तो देशातील पहिला मृत्यू होता. त्यानंतर पुण्यात व मुंबईत शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ राज्यभर पसरली, तेव्हा डोळे आलेल्या मुलांना घरीच ठेवण्याचे आवाहन करण्यात आले. कोरोनाच्या काळात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले ते पालकांच्या लेखी संमतीने. उपस्थितीची सक्ती तेव्हा नव्हती. साथ आली की शाळा हा विवेक दाखविते. साथ ओसरली की जुनी सवय परत येते. हा विवेक बारमाही असावयास हवा.

त्यासाठी शिक्षक व पालक दोघांनाही काही साध्या गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. ताप असलेल्या मुलाला, औषध न देता चोवीस तास ताप आलेला नाही अशी खात्री होईपर्यंत, घरी ठेवावे. जुलाब-उलट्या थांबल्यानंतर दोन दिवस जाऊ द्यावेत. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस शाळा टाळावी. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत थांबावे. खरजेवर उपचार सुरू झाले की मूल शाळेत येऊ शकते. साधे पडसे असून ताप नसेल, किंवा डोक्यात उवा झाल्या असतील, तर शाळा बुडविण्याचे कारण नाही. शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमात शिक्षकाच्या कर्तव्यांमध्ये पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाच्या उपस्थितीची त्यांना माहिती देणे याचा समावेश आहे. त्याच अधिनियमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. आजारातून उठून आलेल्या मुलास वर्गासमोर उभे करून जाब विचारणे हे या मनाईच्या भावनेशी विसंगत आहे.

दहावी व बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मंडळाची ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. परंतु आजारपणासारख्या खऱ्या कारणाने उपस्थिती कमी पडल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे सूट मागता येते. परभणी जिल्ह्यासाठी हे विभागीय मंडळ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. आजार आला तेव्हाच कागदपत्रे जपून ठेवली, तर परीक्षेच्या तोंडावर होणारी धावपळ टळते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे आजार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समाविष्ट आहेत. अशा मुलांना वरचेवर रुग्णालयात जावे लागते. त्यांच्याकडे ‘वारंवार गैरहजर’ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

दोन खुणांच्या जोडीला तिसरी

जपानमध्ये शाळा कधीही न चुकविण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. तेथेही इन्फ्लुएंझासारखा संसर्गजन्य आजार झालेल्या मुलास ठराविक दिवस शाळेत येण्यास मनाई असते. हे दिवस गैरहजेरीत धरले जात नाहीत. हजर राहावयाच्या एकूण दिवसांतूनच ते वजा होतात. परिणामी शिस्तही राहते आणि आजार लपविण्याचे कारणही उरत नाही.

आपल्याकडेही शाळेच्या पातळीवर हे करता येण्याजोगे आहे. हजेरीपटावर उपस्थित व अनुपस्थित या दोन खुणा असतात. त्यांच्या जोडीला वर्गशिक्षकाने एका साध्या वहीत आजारी मुलाचे नाव, लक्षण आणि वस्ती एवढी नोंद रोज ठेवावी. पालकांची चिठ्ठी किंवा दूरध्वनीवरील निरोप त्यासाठी पुरेसा मानावा. दोन दिवसांच्या तापासाठी मजूर आईस डॉक्टरांच्या दाखल्याचा भुर्दंड पडू नये. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस देताना असे कळविलेले दिवस वगळावेत.

या वहीचा उपयोग शाळेपुरता राहत नाही. एकाच वस्तीतील तीन-चार मुले एकाच आठवड्यात जुलाबाने किंवा तापाने घरी असतील, तर त्या वस्तीचे पाणी किंवा डासांची पैदास तपासण्याची वेळ आली आहे, असे समजावे. पूर्णा नदी गावापासून थोड्या अंतरावर गोदावरीस मिळते. पावसाळ्यात काठच्या गावांत पिण्याच्या पाण्याची शुद्धता हा नेहमीच काळजीचा विषय असतो. अशा वेळी आशा स्वयंसेविकेला आणि आरोग्य केंद्राला पहिली खबर शाळेकडून मिळू शकते. मात्र त्यासाठी आजार खरा नोंदला गेला पाहिजे. आजारी मुलास हजर दाखविणारा हजेरीपट गावाचा धोक्याचा इशाराच बंद करून टाकतो.

सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, ही शंका रास्त आहे. आजाराचे निमित्त सांगून मुलीला धाकट्या भावंडापाशी बसविणे किंवा मुलाला कापूस वेचायला नेणे हे प्रकार घडतात. यावर उपाय विचारपूस हाच होय. पहिल्या दिवशी निरोप, तिसऱ्या दिवशी घरी भेट, असा क्रम ठेवला तर खरा आजार व निमित्त यांतील फरक शिक्षकास लगेच कळतो. खरोखर आजारी मुलाच्या घरी गुरुजी आले, याचा पालकांच्या मनावर होणारा परिणाम कोणत्याही नोटिशीपेक्षा मोठा असतो. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांची यादी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास द्यावी. रक्तक्षय, वाहणारा कान, अधू दृष्टी अशी कारणे त्यातून उजेडात येतात.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आजारी मुलापाशी दिवसभर कोणी थांबावयाचे, या प्रश्नाचे उत्तर वरून आलेल्या परिपत्रकापेक्षा याच समितीत सापडण्याची शक्यता अधिक आहे. शेजारधर्म, अंगणवाडी, गावातील महिला बचत गट यांचा आधार प्रत्येक गाव आपल्या परीने घेऊ शकेल. चुकलेला अभ्यास भरून काढण्यासाठी परत आलेल्या मुलाला पहिले दोन-तीन दिवस थोडा जादा वेळ देणे हे शिक्षकाच्या हातचे आहे. अभ्यास मागे पडणार नाही, असा भरवसा मिळाला तर पालकही मुलाला पूर्ण बरे होईपर्यंत घरी ठेवतील.

रेल्वेत आजारी माणसाला ‘सिक’ म्हणून नोंदल्याने गाड्यांची शिस्त बिघडत नाही. उलट त्यामुळेच ती टिकते. शाळेलाही हे शक्य आहे. त्यासाठी नवा निधी वा नवे पद लागत नाही. लागते ती वर्गशिक्षकाची एक वही, पालकांचा एक निरोप आणि त्या दोहोंवर विश्वास ठेवणारी पंचायत.