शिक्षक व्हायचे आहे? आधी आपण कसे शिकलो ते तपासा



बारावीचा निकाल लागला की खेडोपाडी घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी नर्सिंगला जाते, कुणी जवळच्या कारखान्यात काम मिळते का ते बघतो. आणि अजूनही एखादा मुलगा, एखादी मुलगी म्हणते, "मला शिक्षक व्हायचे आहे." असे म्हटले की घरातली वडीलधारी माणसे दोन प्रश्न विचारतात. नोकरी लागेल का? आणि खर्च किती येईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कापसाच्या पट्टीवर आणि मोसंबीच्या पैशावर वर्षाचे गणित बसवणाऱ्या घराने ते विचारलेच पाहिजेत. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कुणी विचारत नाही. आपले हे लेकरू आजवर कसे शिकले, आणि त्याला शिकवावेसे का वाटते?

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला याची उठाठेव कशाला? तर बी.एस्सी. कृषी होऊन विस्ताराच्या कामाला लागलो, तेव्हापासून माझे काम शिकवण्याचेच आहे. फरक एवढाच की माझे विद्यार्थी वयाने मोठे, आणि त्यांचा वर्ग बांधावर भरतो. माणूस केव्हा शिकतो आणि केव्हा नुसती मान डोलावतो, हे बांधावर फार लवकर कळते.

चितेगावच्या मुलीची वही

पैठण रस्त्यावरचे आपले चितेगाव तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला शेती, दुसऱ्या बाजूला कारखाने. शेतकऱ्याचे मूल आणि कामासाठी परगावाहून आलेल्या माणसाचे मूल इथे एकाच बाकावर बसते. या गावातल्या एका शेतकरी घरातली मुलगी डी.एल.एड.च्या, म्हणजे आपण पूर्वीपासून ज्याला डी.एड. म्हणतो त्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांच्या कापसाच्या प्लॉटवर गेलो होतो. चहाच्या वेळी वडील म्हणाले, "साहेब, कॉलेजात हिला कसला निबंध दिलाय बघा. मी कशी शिकले अन् मला बाई का व्हायचंय. हे काय अभ्यासाचं झालं का?"

मी म्हटले, "दादा, याच्याइतका मोठा अभ्यास दुसरा नाही. बघू ताई, वही."

तिने लिहिलेले साधे होते, पण खरे होते. पुस्तक वाचून आपल्या डोक्यात फारसे शिरत नाही, हाताने केलेले मात्र विसरत नाही, असे तिने लिहिले होते. टक्केवारी तिला वर्गात कळली नव्हती. ती कळली घरी, सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासताना. तुम्हीही पेरणीआधी ही तपासणी करता. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा रांगा लावायच्या, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवून ओल टिकवायची आणि आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर उगवले तर उगवण सत्तर टक्के, बियाणे पेरायला चालेल. साठच उगवले तर एकरी बी वाढवावे लागेल. "शेकडा म्हणजे काय ते मला त्या गोणपाटावर दिसले," असे तिचे वाक्य होते.

पुढे भावाविषयी लिहिले होते. तो बरोबर उलटा. त्याने एकदा ऐकले की झाले. हरिपाठ त्याला पुस्तक न उघडता, देवळात ऐकून ऐकून पाठ झाला. आणि शेवटी तिने लिहिले होते की, हाताने शिकणारी मुले वर्गात मागे बसतात, त्यांना 'ढ' म्हणतात. अशा मुलांसाठी तिला शिक्षिका व्हायचे आहे.

वही वाचून वडील गप्प झाले. मुलीच्या मनात हे आहे, ते त्यांना त्या दिवशी कळले.

सगळ्या बागांना एकच ताण नको

हेतू चांगला आहे. पण त्यात एक खाच आहे, आणि प्रत्येक होतकरू शिक्षकाने ती ओळखली पाहिजे. मी हाताने शिकले, म्हणून सगळ्यांना हातानेच शिकवीन, असे ठरवले तर काय होईल?

मोसंबीवाल्यांना हे चटकन समजेल. आंबे बहारासाठी आपण बागेचे पाणी तोडून ताण देतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. भारी जमिनीवाल्याने आपला अनुभव हलक्या जमिनीवाल्याला जसाच्या तसा सांगितला, तर त्याची बाग वाळेल. अनुभव खोटा नसतो, तो त्या जमिनीचा असतो. शिकण्याचेही तसेच आहे.

मग मुलांचे गट पाडावेत का? हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, ती करून शिकणारी? काही वर्षांपूर्वी ही कल्पना जगभर फार लोकप्रिय झाली होती, आणि अजूनही अनेक ठिकाणी ती शिकवली जाते. पण २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी तोवर झालेले संशोधन तपासले. मुलाची 'शैली' ठरवून त्याच पद्धतीने शिकवल्याने ते जास्त शिकते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आवड वेगळी असू शकते. पण आवडीवरून मुलाच्या कपाळी शिक्का मारू नये.

आपल्या शेतीतला अनुभवही हेच सांगतो. एकच शेतकरी बाजारभाव ऐकून समजतो, त्याला चित्र लागत नाही. गुलाबी बोंडअळीची डोमकळी मात्र त्याला कितीही सांगा, कळत नाही, ती झाडावर डोळ्यांनीच बघावी लागते. आणि कलमाचा डोळा भरणे ऐकूनही येत नाही, बघूनही येत नाही, त्याला चाकू हातात घ्यावा लागतो. माणूस तोच, पण शिकण्याची वाट तीन प्रकारची. म्हणजे वाट बहुधा विषय ठरवतो. चांगल्या शिक्षकाजवळ तिन्ही वाटा असाव्यात, आणि कोणता धडा कोणत्या वाटेने न्यावा याची पारख असावी.

१९८९ साली इंडोनेशियात भातशेतीसाठी सुरू झालेली शेतीशाळा आज आपल्याकडेही भरते, तिचे मर्म हेच आहे. तिथे भाषण थोडे असते. शेतकरी कामगंध सापळ्यातले पतंग स्वतः मोजतात, आकडे कागदावर मांडतात, आपसांत बोलतात आणि फवारणीचा निर्णय स्वतः घेतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग, ही धोक्याची पातळी ज्याने स्वतः मोजली आहे, तो ती पुढच्या हंगामात विसरत नाही.

आणखी एक गोष्ट संशोधनाने पक्की झाली आहे. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगितला, तर तो जास्त टिकतो. चितेगावच्या मुलीचा भाऊ हरिपाठ नुसता ऐकत नव्हता, रोज म्हणत होता. आणि तिनेही गोणपाटावरचे दाणे नुसते बघितले नाहीत, मोजून वडिलांना आकडा सांगितला. दोघांच्या यशाचे खरे कारण त्यात आहे.

कोसबाडच्या अनुताई

ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने अनुताई वाघ यांचे चरित्र जरूर समजून घ्यावे. १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात त्यांचा जन्म झाला. बालवयात लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य चुलीपाशी संपत असे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. दिवसा नोकरी करून रात्रशाळेत गेल्या आणि मॅट्रिक झाल्या. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी बी.ए.ची पदवी मिळवली.

१९४५ साली त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. माँटेसोरी पद्धत त्यांना चांगली माहीत होती, पण तिची साधने महाग होती. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला ती कुठून मिळणार? म्हणून त्यांनी बिया, पाने, खडे, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने उभी केली. पुढे १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत आले.

तिथे अडचण शिकवण्याच्या पद्धतीची नव्हती, मूल शाळेत येतच नव्हते. धाकटे भावंड सांभाळायचे, गुरे राखायची, मग शाळेत जाणार केव्हा? दुसऱ्या कुणी आईबापांना दोष दिला असता. या दोघींनी शाळाच उचलून मुलांकडे नेली. वस्तीतल्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. गुरे चरत राहतील आणि गुराखी शिकत राहील. १९७५ पासून देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिच्या नावामागे हे अंगण आहे.

मला यात एक धागा दिसतो. जी बाई स्वतः दिवसा काम करून रात्री शिकली, तिला दिवसा गुरे राखणाऱ्या पोराची अडचण सांगावी लागली नसेल. आपण कसे शिकलो याची आठवण शिक्षकाच्या अशी कामी येते. अनुताईंनी आपली रात्रशाळा कोसबाडला जशीच्या तशी लादली नाही. आपल्याला वेळेची आडकाठी होती तशी याला कशाची आहे, एवढेच त्यांनी पाहिले आणि त्या पोरासाठी निराळी शाळा काढली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्या गेल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मचरित्र आहे. ग्रंथालयात मिळाले तर घरातल्या होतकरू शिक्षकाच्या हाती द्या.

शिकवावेसे का वाटते?

आता पोटापाण्याचे बोलू, कारण ते टाळून चालणार नाही. डी.एल.एड. दोन वर्षांचे आहे. ते झाले म्हणजे नोकरी लागली, असे नाही. शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण व्हावी लागते, अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि भरती निघेल तेव्हा पवित्र पोर्टलवरून निवड होते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. प्राथमिकसाठी २०२३ साली हे मानधन महिना १६,००० रुपये झाले, त्याआधी ते ६,००० होते. वाट लांब आहे. केवळ 'सरकारी नोकरी, सुट्ट्या भरपूर' एवढ्याच आशेवर निघालेले मूल या वाटेवर मध्येच बसून जाते. ज्याला शिकवण्याची गोडी आहे ते टिकते.

गोडी म्हणजे काय, ते पैठणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. जनार्दनस्वामींकडे असताना एकनाथांनी एका पैची चूक शोधायला रात्र जागवली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती टाळी पैशासाठी नव्हती, उलगडा झाल्याची होती. दुसऱ्याच्या डोळ्यांत असा उलगडा बघून ज्याला आनंद होतो, त्याने शिक्षक व्हावे.

घरच्यांनी काय करावे?

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एवढे करून पाहा.

१. मुलाला किंवा मुलीला एका वहीत लिहायला सांगा : आजवर पक्क्या कळलेल्या पाच गोष्टी कोणत्या, आणि त्या कुणी, कशा शिकवल्या? न कळलेल्या दोन कोणत्या, आणि का कळल्या नाहीत?

२. महिनाभर वाड्यातली दोन-चार मुले संध्याकाळी शिकवायला बसवा. त्यात आपल्यासारखे न शिकणारे एक मूल मुद्दाम घ्या. त्याला कळेना तेव्हा आपले लेकरू चिडते की दुसरी युक्ती शोधते, ते दुरून बघा.

३. आजीला मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे, ते शिकवायला सांगा. स्वतः करून दाखवणे सोपे असते. आजीच्या हातून करून घेण्यात धीर लागतो, आणि शिक्षकाचे भांडवल तोच आहे.

४. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना, बाईंना भेटा. भरतीची आजची स्थिती आणि कॉलेजची मान्यता त्यांना विचारा. जाहिरातीवर विसंबू नका.

५. एवढे करूनही लेकराचे मन तिथेच असेल तर मागे ओढू नका. नोकरीला उशीर लागेल, हे घरात आधीच बोलून ठेवा आणि तोवरची तजवीज करा.

आणि ज्या मुला-मुलींनी हा लेख वाचला त्यांना एवढेच सांगतो. तुम्ही शेतात वाढलात याचा कमीपणा मानू नका. उगवणीची टक्केवारी, विहिरीच्या पाण्याची पातळी, बाजाराची पट्टी, पावसाचे मिलिमीटर : गणित, विज्ञान आणि भूगोल यांची साधने तुमच्या घरात पडून आहेत. ती वर्गात न्या. पण वर्गात पाऊल टाकल्यावर पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसलेल्या पोराजवळ जा, आणि तू काय काय करतोस, तुला काय काय येते, ते त्याला विचारा. तिथून शिकवायला सुरुवात करा.