पालक म्हणून आत आलेला माणूस

शाळेतली खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने तिची चव घ्यायची आणि नोंदवहीत सही करायची, ही पद्धत आता महाराष्ट्रभर रुळली आहे. बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या एका शाळेत जुलै 2013 मध्ये कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली, तेव्हापासून या वहीकडे सगळेच जरा गांभीर्याने पाहू लागले. वहीत तारीख असते, पदार्थ असतो, शेरा असतो आणि सही असते. कित्येकदा ही सही एखाद्या आईची असते. ती आई कोण, कुठली, तिच्यासोबत आलेला मामा की काका तो कोण, हे मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही. ते मुख्याध्यापकांना आणि शिपायाला तोंडी माहीत असतं, किंवा नसतं.

शाळेत मदतीला येणाऱ्या पालकांची पार्श्वभूमी तपासावी का, हा प्रश्न भिवंडीसारख्या शहरात ऐकायला परदेशी वाटतो. पण या शहराच्या जिल्ह्यातच त्याची धग लागून गेली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता आणि कामावर लागून त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. तक्रार नोंदवायला पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं आणि 20 ऑगस्टला चिडलेला जमाव बदलापूर स्थानकात रुळांवर उतरला. दिवसभर गाड्या अडल्या. मुंबई उच्च न्यायालयाने लगोलग स्वतःहून दखल घेतली आणि पुढे शाळांतल्या सुरक्षेसाठी समिती नेमली. साधना जाधव आणि शालिनी फणसाळकर-जोशी या दोन निवृत्त न्यायमूर्ती तिच्या प्रमुख होत्या.

राज्य सरकारचा निर्णय या समितीआधीच, 21 ऑगस्टला आला होता. महिनाभरात सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा, कंत्राटी कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो महिलाच नेमा. यातलं बरंचसं नवं नव्हतंच. तक्रारपेटीचं परिपत्रक 2017 चं, सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च 2022 चा. आणि पडताळणीची सक्ती तर 9 मार्च 2020 पासून लागू झालेल्या, बाललैंगिक अत्याचारविरोधी ‘पॉक्सो’ कायद्याच्या नियमांतच आहे. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, जिथे मुलांशी नेहमीचा संबंध येतो तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने झाली पाहिजे, असं हे नियम सांगतात.

कर्मचाऱ्याची. पगार न घेता येणारा पालक या चौकटीत बसत नाही.

आणि पालक तर येतातच. नुसते येत नाहीत, कायदाच त्यांना बोलावतो. शिक्षण हक्क कायद्याने 2009 साली शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के जागा पालकांना दिल्या आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात असं सांगितलं. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 2022 पासून ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं, त्यात वस्तीवस्तीवर मातांचे गट बांधले गेले. केंद्राच्या ‘विद्यांजली 2.0’ योजनेत सप्टेंबर 2021 पासून कुणीही नागरिक नाव नोंदवून सरकारी शाळेत शिकवायला, खेळ घ्यायला येऊ शकतो. शिवाय स्नेहसंमेलनाचे कपडे, क्रीडादिनाच्या रांगा, सहलीची बस हे सगळं आहेच. पालकांना दूर ठेवून मराठी शाळा चालल्या असत्या, असं म्हणण्याची सोय नाही. महापालिकेच्या शाळा तर नाहीच नाही.

भिवंडीत त्यात आणखी एक पदर आहे. हे यंत्रमागाचं शहर आहे. इथे महापालिकेच्या शाळा मराठी आहेत, उर्दू आहेत, हिंदी आहेत, पद्मशाली विणकरांच्या वस्तीमुळे तेलुगूही आहेत. बाप बारा तासांच्या पाळीला जातो, त्यामुळे शाळेत कुणी यायचं तर आई, आजी किंवा पाळी नसलेला चुलता. कारखान्यात काम करणारा माणूस उत्तर प्रदेशातून नाहीतर बिहारमधून आलेला, चार-पाच जणांत एक खोली भाड्याने घेतलेला. आधारकार्डावर गावचा पत्ता, खोलीचा भाडेकरार बहुधा तोंडी.

अशा माणसाकडे चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं तर काय होतं? अर्ज ऑनलाइन भरायचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. मग तो अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयामार्फत राहत्या हद्दीच्या ठाण्यात येतो: शांतीनगर, भोईवाडा, निजामपुरा, नारपोली, जे असेल ते. तिथे नोंदी पाहिल्या जातात, पत्ता खरा आहे का ते पाहिलं जातं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या माणसाबद्दल शांतीनगरची नोंद काय सांगणार? देशातली ठाणी आता संगणकाने जोडलेली आहेत हे खरं, पण अन्सारी, शेख, मोमीन या आडनावांची गर्दी आणि तीन लिप्यांतून इंग्रजीत उतरलेली स्पेलिंगं पाहिली की नाव जुळवणं किती जिकिरीचं असेल, ते कळतं.

नावाच्या या घोळाची किंमत इंग्लंडने मोजली आहे. ऑगस्ट 2002 मध्ये सोहॅम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याची पडताळणी झाली होती. पण ती ‘निक्सन’ या दुसऱ्या आडनावाने झाली; ‘हंटली’ या नावाने शोध घेतलाच गेला नाही. आधी तो राहत होता त्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध एकाहून अधिक तक्रारी आल्या होत्या, एकाही प्रकरणात शिक्षा झाली नव्हती आणि ती माहिती पुढे पोहोचलीच नाही. बिचर्ड चौकशीने 2004 मध्ये हे सगळं मांडलं, त्यातून 2006 चा कायदा आला आणि 2012 मध्ये पडताळणीची आजची डीबीएस ही यंत्रणा उभी राहिली. तिथे स्वयंसेवकाला प्रमाणपत्राची फी पडत नाही. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे सगळ्यांना एकच मापही लावलं जात नाही. जो पालक शिक्षकाच्या देखरेखीखाली अधूनमधून मदत करतो त्याला वेगळा नियम, जो एकटा आणि वारंवार मुलांसोबत असतो त्याला वेगळा.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाने फुटबॉल प्रशिक्षक सँडस्की याच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणानंतर स्वयंसेवकांसाठीही प्रमाणपत्रं सक्तीची केली. बोटांच्या ठशांची एफबीआय तपासणी मात्र सलग दहा वर्षं त्याच राज्यात राहिलेल्या स्वयंसेवकाला टाळता येते. म्हणजे नव्याने आलेल्यावर जास्त नजर. हाच नियम भिवंडीत आणला, तर अर्धी वस्ती संशयाच्या रांगेत उभी राहील. उलट ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये आपल्याच मुलाच्या शाळेत मदत करणाऱ्या पालकाला या तपासणीतून सहसा सूट आहे.

आणखी एक अडचण. गुन्हा नोंद आहे म्हणजे काय? भिवंडीत वीजचोरीचे गुन्हे थोडेथोडके नाहीत. मोर्चात सामील झाल्याचे, भांडणाचे गुन्हे वेगळेच. असा एक कागद निघाला म्हणून एखाद्या बापाला मुलाच्या क्रीडादिनाला फाटकाबाहेर उभं करणं हा शुद्ध आडमुठेपणा होईल. कोणता गुन्हा आडवा यावा, हे आधी ठरवल्याशिवाय प्रमाणपत्र मागण्यात अर्थ नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते, मुख्याध्यापकांना नाही. आणि ते बरंच आहे; तशी यादी गल्लीत फिरली तर काय होईल, ते भिवंडीकराला सांगायला नको.

मुळात प्रमाणपत्र फक्त पकडल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की पॉक्सोखालच्या बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा. यातल्या बहुतेकांचा कागद कोराच असणार. त्यामुळे पडताळणीइतकीच, किंबहुना जास्त, गरज साध्या शिस्तीची आहे. बाहेरचा कुणीही मोठा माणूस एका मुलासोबत बंद दाराआड राहणार नाही. मुलांच्या स्वच्छतागृहाकडे पालक स्वयंसेवक जाणार नाही. आत आलेल्याचं नाव, तो कोणत्या मुलाचा कोण, वेळ आणि सही फाटकावरच्या वहीत येईल. मुक्कामाची सहल असेल तेव्हा मात्र सोबत जाणाऱ्या प्रत्येकाचं पोलीस प्रमाणपत्र हवंच, तिथे भिडेला जागा नको.

माणसं ओळखून ठेवणं भिवंडीला शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. इथे 1970 आणि 1984 च्या दंगली झाल्या. त्यानंतर 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू, मुसलमान, व्यापारी, मागवाले आणि हद्दीतले पोलीस एकत्र बसू लागले, एकमेकांना नावाने ओळखू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कोण कुठल्या खोलीत नवा आला, कुणाबद्दल काय बोललं जातं, हे अशा बैठकीत कळतं. संगणकावरच्या अर्जात ते येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दर महिन्याला व्हायची असते. तिच्या विषयपत्रिकेवर बांधकाम, गणवेश, पोषण आहार असतोच. फाटकावरची वही, सहलीचे सोबती आणि स्वयंसेवक पालकांची यादी हे तीन विषय त्यात घालायला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. त्या खोलीत बसलेल्या चारांतले तीन जण पालकच असतात. ठराव मांडायला एक जण पुरतो, अनुमोदनाला दुसरा.