रेषेच्या अलीकडचा माणूस

फुटबॉल पाहायला गेलेल्या माणसाचे डोळे चेंडूमागे धावतात. ते तिथून सोडवून बाकाजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षकावर ठेवायचे, तर स्वतःवर थोडी जबरदस्ती करावी लागते. अंधेरीच्या क्रीडासंकुलातलं मुंबई फुटबॉल अरीना त्यासाठी सोयीचं आहे. साताठ हजार माणसं मावतील एवढंच ते. बाकांच्या बाजूची जागा मिळाली, तर प्रशिक्षकाच्या हालचाली दुर्बिणीशिवाय दिसतात. नाशिकहून कसारा घाट उतरून सामन्याला जाणारे आम्ही काही जण २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन हंगामांत मुंबई सिटी या क्लबचे सामने असे बघायला लागलो. कारण त्या बाकाजवळ जॉर्ज कोस्टा उभा असायचा.

ज्यांनी २००४ ची चॅम्पियन्स लीग रात्री जागून पाहिली, त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. गेल्सनकिर्शनमध्ये पोर्टोने मोनॅकोला ३-० हरवलं, तेव्हा करंडक उचलणारा कर्णधार हाच. त्याच्या आदल्या वर्षी सेव्हियात सेल्टिकला ३-२ हरवून पोर्टोने युएफा कप जिंकला, तेव्हाही दंडावरची पट्टी त्याचीच. संघाचे प्रशिक्षक होते जुझे मोरिन्यो. त्याआधी पोर्टोच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाशी बिनसल्यामुळे कोस्टाला इंग्लंडच्या चार्ल्टनकडे उसनवारीवर जावं लागलं होतं. मोरिन्यो आले आणि त्यांनी त्याला परत बोलावलं. प्रशिक्षकाच्या एका निर्णयाने खेळाडू कुठे फेकला जातो आणि दुसऱ्या निर्णयाने कुठे पोचतो, हे त्याने प्रशिक्षक होण्याआधीच सोसलेलं होतं.

प्रशिक्षकाला सामन्यात उभं राहायला मिळते ती जागा फार लहान असते. बाकांच्या दोन्ही अंगांना एकेक मीटर आणि पुढे टचलाईनच्या एक मीटर अलीकडे थांबणारी पांढरी रेषा. त्या चौकटीतून एका वेळी एकालाच सूचना देता येतात. प्रेक्षकांच्या गोंगाटात तिथून मारलेली हाक जवळच्या बाजूच्या खेळाडूंपर्यंत पोचते. पलीकडच्या अंगाला खेळणाऱ्याला ती ऐकूच येत नाही. म्हणून उत्तरार्धात बाजू बदलल्या, की हाका खाणारा खेळाडूही बदलतो. पूर्वार्धात ज्या बगलेच्या बचावपटूला सतत ‘मागे ये, आत ये’ ऐकावं लागलं, तो पलीकडे जाऊन सुटतो आणि दुसरा तावडीत सापडतो. क्रिकेटमध्ये षटकाषटकाला निरोप धाडता येतो, कबड्डीत टाइम-आउट मागता येतो. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला पंचेचाळीस मिनिटांनंतर एकदा पंधरा मिनिटं मिळतात. तेव्हाच्या नियमानुसार वर तीन बदली खेळाडू. सामना चालू असताना त्याच्या हातात यापलीकडे फारसं काही नसतं.

मग तो तिथे उभा राहून बघतो काय? कोस्टाचं तोंड ज्या दिशेला असे, तिकडे आपणही पाहिलं की थोडं उमजायचं. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ असताना त्याची मान अनेकदा उलट्या बाजूला, आपल्या बचावफळीकडे वळलेली असे. मुंबईचा हल्ला रंगात आलेला असताना मागचे चौघे किती पुढे सरकले आहेत, त्यांच्यात आणि मधल्या फळीत किती जागा उरली आहे, हे तो तपासत असावा. सारी कारकीर्द मध्यबचावात घालवलेल्या माणसाची ही नजर. आघाडीपटूला मोकळी जागा म्हणजे संधी वाटते. बचावपटूला ती काही क्षणांनी येणारं संकट वाटते. दोन फळ्यांमधली ती पट्टी रुंदावली की चेंडू हरवल्यावर प्रतिस्पर्धी नेमका तिथे शिरतो, वळतो आणि मग बचावपटूंना स्वतःच्या गोलकडे पळत सुटावं लागतं. एकदा ही पट्टी पाहायची सवय लागली की गोल व्हायच्या काही सेकंद आधी पोटात गोळा येतो.

अशा अंतरांची शिस्त सामन्यात शिकवता येत नाही. ती आठवडाभर सरावात अंगवळणी पाडावी लागते, आणि इथे पोर्तुगालचं, त्यातही पोर्टो शहराचं, एक वेगळेपण आहे. तिथल्या विद्यापीठात व्हितोर फ्रादे या प्राध्यापकांनी सरावाची एक पद्धत मांडली: पळणं वेगळं, ताकद वेगळी, डावपेच वेगळे असे कप्पे करायचे नाहीत; प्रत्येक सराव चेंडूनेच आणि संघ ज्या ढंगाने खेळणार आहे त्याच ढंगाने करायचा. मोरिन्योंनी ही पद्धत जगभर नेली. लांब पल्ल्याच्या धावपटूंची सकाळ पाहत मोठ्या झालेल्या आम्हा नाशिककरांना ती आधी पटत नाही. आपल्याकडे दम आधी आणि खेळ नंतर. पण फुटबॉलपटू सरळ रेषेत दहा किलोमीटर पळत नाही. तो पंधरा मीटर झेपावतो, थांबतो, वळतो, पुन्हा झेपावतो. आणि केव्हा झेपावायचं हे त्याला चेंडू आणि शेजारचा खेळाडू सांगतो. त्यामुळे त्याच्या फुप्फुसांचा आणि डोक्याचा सराव वेगळा काढता येत नाही.

मुंबईत हे सगळं ज्या संघाकडून करून घ्यायचं होतं, त्याचा हजेरीपट पाहिला तरी धडकी भरावी. सेनेगलचा मोदू सुगू, काँगोचा अर्नोल्ड इसोको, रोमानियाचा लुसियन गोयान, ब्राझीलचा राफाएल बास्तोस, उरुग्वेचा मातियास मिराबाये आणि कोस्टाच्याच पोर्टो शहरातला पाउलो मशादो. भारतीयांत मणिपूरचा बिपिन सिंग, पंजाबचा गोलरक्षक अमरिंदर सिंग, बंगालचा सुभाशीष बोस, मुंबईचाच रेनियर फर्नांडिस. एवढ्या भाषांच्या माणसांसमोर लांबलचक व्याख्यान देऊन भागत नाही. मोजके शब्द, हाताचे ठरलेले इशारे आणि उरलेलं सगळं सरावातल्या आवर्तनांवर. स्टँडमधून बघताना सूचना कळत नसत. पण एकाने हात वर केला की चौघे एकदम दोन पावलं पुढे सरकत, ते दिसे. आठवडाभराच्या कामातलं प्रेक्षकाच्या वाट्याला येतं ते एवढंच.

सुरुवात वाईट झाली. पहिल्या सामन्यात जमशेदपूरकडून घरच्या मैदानावर ०-२. त्याच महिन्यात फातोर्ड्याला एफसी गोव्याकडून ०-५. पाच गोल खाल्लेल्या संघाचा प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी सरावाला काय सांगत असेल, याचं कुतूहल मला गोलांपेक्षा अधिक वाटतं. नवे डावपेच आणायचे, माणसं बदलायची, आरडाओरडा करायचा; पर्याय पुष्कळ. मैदानावर दिसलं ते असं, की संघाने खेळण्याचा ढंग सोडला नाही, फक्त अंतरं आवळली. मागे घट्ट राहायचं, चेंडू हिसकावला की इसोको आणि सुगू यांच्या वेगाने थेट पुढे जायचं. त्यानंतर मुंबई सिटी सलग नऊ सामने हरली नाही. डिसेंबरात अंधेरीला केरळ ब्लास्टर्सची ६-१ अशी धूळधाण झाली आणि त्यात एकट्या सुगूचे चार गोल होते. सामना संपल्यावर गर्दी सुगूच्या नावाने ओरडत होती. केरळचे प्रशिक्षक डेव्हिड जेम्स यांची मात्र दोनच दिवसांत गच्छंती झाली. पुढे केरळने ज्यांना आणलं ते नेलो व्हिंगाडा, म्हणजे आणखी एक पोर्तुगीज. १९९१ मध्ये कोस्टाने जो युवा विश्वचषक जिंकला, त्या पिढीचे प्रशिक्षक कार्लोस केरोझ यांचे ते एके काळचे सहकारी. या धंद्यात एकाचा विजय दुसऱ्याच्या नोकरीवर असा उठतो.

मुंबईने ३० गुणांसह तिसरं स्थान मिळवलं आणि उपांत्य फेरीत समोर पुन्हा गोवा आला. मार्च २०१९. अंधेरीला बास्तोसने मुंबईला पुढे नेलं आणि स्टेडियम उसळलं. मग गोव्याने एकामागून एक पाच गोल केले. अशा रात्री प्रशिक्षकाचं काम किती तोकडं असतं, ते तेव्हा दिसलं. बदली खेळाडू पाठवायचा म्हणजे आधी त्याला अंगात ऊब आणायला पळवा, नडगीची पट्टी नीट आहे का पाहा, चौथ्या पंचाला चिठ्ठी द्या, त्याने आकड्यांचा फलक वर करायचा आणि खेळ थांबण्याची वाट पाहायची. खेळ थांबत नाही तोवर खेळाडू मध्यरेषेजवळ ताटकळत उभा आणि प्रशिक्षक त्याच्या कानाशी दोन वाक्यं पुटपुटतोय. तेवढ्या वेळात आणखी एक गोल पडू शकतो. गोव्याचे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा संघ चेंडू आपल्याकडेच ठेवून खेळे. त्यामुळे खेळ थांबवायची संधीही मुंबईला सहजी मिळत नव्हती.

तीन दिवसांनी गोव्यात परतीचा सामना झाला. चार गोलांची पिछाडी भरून निघणं जवळपास अशक्य होतं. मुंबईने तो १-० ने जिंकला, गोल पुन्हा बास्तोसचा. एकूण ५-२ ने बाहेर पडलेल्या संघाचा हा विजय पुढे कुणी आठवत नाही. माझ्या लेखी मात्र कोस्टाच्या मुंबईतल्या कामाचा खरा दाखला तोच. सगळं हरलेलं असताना अकरा जणांनी नव्वद मिनिटं अंतरं सांभाळली आणि हंगामात सर्वांत जास्त गोल करणाऱ्या गोव्याच्या कोरोला त्याच्याच मैदानावर रोखलं. हे आदल्या रात्रीच्या चिडीतून होत नाही, ते सरावातून येतं.

दुसरा हंगाम त्याच्या हातून थोडक्यात निसटला. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईयनविरुद्धचा घरचा सामना ०-१ ने गेला आणि बाद फेरीचं दारही बंद झालं. चेन्नईचा तो गोल केला लुसियन गोयानने, आदल्या वर्षीपर्यंत मुंबईच्याच बचावाचा कणा असलेल्याने. मुंबई पाचवी. मार्चमध्ये कोस्टाचा आणि क्लबचा करार संपला.

त्याची कारकीर्द नकाशावर मांडली की या व्यवसायाचा स्वभाव कळतो. ब्रागा, ओल्यानेंस, अकादेमिका, रोमानियातलं क्लुज, सायप्रसचे दोन क्लब, पासोस, मग गॅबनचा राष्ट्रीय संघ, ट्युनिशिया, फ्रान्समधलं तूर, मुंबई, पुन्हा रोमानिया, पुन्हा पोर्तुगाल. ओल्यानेंसला त्याने २००९ मध्ये ३४ वर्षांनी अव्वल साखळीत नेलं. गॅबनने २०१७ चा आफ्रिकी चषक भरवला, पण स्पर्धेच्या तोंडावर, दोन महिने आधी, त्याची खुर्ची गेली. दोन वर्षं एका ठिकाणी राहायला मिळणं हीच चैन. उलट आमच्या नाशकात प्रशिक्षक म्हटलं की डोळ्यांसमोर येतात विजेंदर सिंग. सावरपाड्याच्या कविता राऊतला त्यांनी हेरलं. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. पुढे संजीवनी जाधव, मोनिका आथरे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. एका मैदानावर, एका गावात वर्षानुवर्षं. धावपटूच्या प्रशिक्षकाला वेळ मिळतो म्हणून त्याचं श्रेय त्याच्या नावाला चिकटतं. फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं श्रेय पुढच्या माणसाच्या खात्यात जमा होतं.

मुंबईत तेच झालं. कोस्टानंतर त्या खुर्चीत बसले सर्जिओ लोबेरा, त्याच्या संघावर पाच-पाच गोल चढवणारे. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये क्लबचा मोठा हिस्सा घेतला होता, हातात पैसा होता. गोव्याहून मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस असे मोहरे आले. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीत अव्वल स्थान मिळवलं आणि करंडकही जिंकला. श्रेय लोबेरांचं, यात शंका नाही. पण अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल कुणी केला? बिपिन सिंगने. करंडक कोणत्या कर्णधाराने उचलला? अमरिंदर सिंगने. दोघंही कोस्टाचे दोन्ही हंगाम संघात होते. द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावायला नको: घड दिसतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पण त्यांची काडी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तयार झालेली असते. एप्रिलमध्ये बागेत कोण राबलं, हे बाजारात कुणी विचारत नाही.

कोस्टा पुढे एव्हीएस या लहानशा क्लबला २०२४ मध्ये पोर्तुगालच्या अव्वल साखळीत घेऊन गेला आणि मग पोर्टोत फुटबॉल संचालक म्हणून परतला. ५ ऑगस्ट २०२५ रोजी पोर्टोच्या सराव केंद्रातच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय अवघं ५३. बातमी आली तेव्हा मोरिन्यो रॉटरडॅममध्ये पत्रकारांसमोर बोलताना रडले. जगाने आठवला तो कर्णधार. मुंबईतली दोन वर्षं बहुतेक श्रद्धांजल्यांत एका ओळीत आटोपली.

आपल्याकडे शाळा-शाळांत आता फुटबॉलचे संघ उभे राहताहेत. स्पर्धेत दुसरा पराभव झाला की पालकांच्या गटात प्रशिक्षक बदलण्याची भाषा सुरू होते. अशा वेळी मी विचारतो: सरावाच्या पहिल्या महिन्यात तुमची पोरं चेंडूभोवती घोळका करत होती, आता चेंडू नसताना ती कुठे उभी राहतात? दोन फळ्यांमधली पट्टी आवळली का? मागचा पोरगा पुढच्याला हाक मारतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर गुणतक्ता काहीही सांगो, प्रशिक्षक काम करतोय. त्याला आणखी एक हंगाम द्यावा. कोस्टाला ओल्यानेंसमध्ये हंगाम पूर्ण करायला मिळाला, म्हणून ३४ वर्षांचा खंड भरून निघाला; गॅबनमध्ये स्पर्धेपर्यंत थांबायला मिळालं नाही, आणि स्पर्धेतला त्याचा संघ कसा खेळला असता हे कुणालाच कळलं नाही.