सेनापतीचा हिशेब



खालिद हे नाव आपल्या ओळखीचं आहे. मोहल्ल्यात, शाळेच्या हजेरीत, रिक्षाच्या मागच्या काचेवर ते कुठे ना कुठे भेटतंच. अरबीत त्याचा अर्थ कायम राहणारा. आपल्याकडे चिरंजीव म्हणतो, तसंच काहीसं. ज्यांच्या आठवणीने हे नाव पुष्कळ घरांत ठेवलं जातं, ते खालिद इब्न अल-वलीद. इब्न म्हणजे मुलगा, म्हणजे वलीद यांचे चिरंजीव खालिद. चौदाशे वर्षांपूर्वीचे अरब सेनापती.

गटाच्या बैठकीत काहीजणींनी विचारलं होतं, की लढवय्यांच्या गोष्टी घोडा आणि तलवार यांवरच का थांबतात? जिंकल्यावर पैसा आला तो कुठे गेला, कुणी वाटला, कुणी विचारलं का? प्रश्न आम्हाला आवडला. म्हणून आज खालिद यांची गोष्ट त्या बाजूने सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा इतिहास लिहून ठेवणारे बलाझुरी आणि तबरी हे खालिद यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी होऊन गेले. तोवर या गोष्टी तोंडातोंडी चालत आल्या होत्या. त्यामुळे तपशिलात फरक आहेत, आणि शत्रूच्या सैन्याचे आकडे तर चांगलेच फुगलेले. ते आकडे आम्ही सांगतच नाही.

खालिद मक्केचे. कुरैश जमातीतलं मख्जूम हे त्यांचं घराणं, पैशाअडक्याने भक्कम. वडील शहरातल्या बड्या लोकांपैकी. घोडदळाचं काम या घराण्याकडे असायचं. मुलगा घोड्यावरच वाढला म्हणायचा. मक्केच्या पुढाऱ्यांनी पैगंबर मुहंमद यांना विरोध केला, तेव्हा खालिदही विरोधकांतच होते. त्यांचा पहिला मोठा विजय मुसलमानांच्या विरुद्धचा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं.

इ.स. ६२५. मदीनेजवळच्या उहुद डोंगरापाशी लढाई झाली. पैगंबरांनी सुमारे ५० तिरंदाज एका टेकडीवर बसवले आणि बजावलं, आम्ही जिंकलो किंवा हरलो तरी ही जागा सोडायची नाही. लढाई मुसलमानांच्या बाजूने झुकली. मक्केवाले पळू लागले, खाली मैदानात लूट गोळा करणं सुरू झालं. टेकडीवरच्यांना वाटलं, आता काय राहिलं, आपला वाटा जाईल. बहुतेक जण खाली उतरले. खालिद यांनी रिकामी टेकडी पाहिली, घोडदळ वळवलं आणि मागून घाला घातला. मुसलमानांचे सुमारे ७० लोक पडले, त्यात पैगंबरांचे चुलते हमजा होते.

त्या तिरंदाजांना नुसतं लोभी म्हणून मोकळं होता येत नाही. त्या काळी शिपायाला महिन्याचा पगार नव्हता. घोडा, तलवार, शिधा, सगळं ज्याचं त्याने आणायचं. घरच्या चुलीला परतफेड मिळायची ती लुटीच्या वाट्यातून. मुसलमानांच्या सैन्यात त्याचा नियम ठरलेला होता: पाचवा हिस्सा सगळ्यांच्या कामासाठी बाजूला, उरलेले चार लढणाऱ्यांत वाटायचे. घोडेस्वाराला साधारण तीन वाटे, पायी लढणाऱ्याला एक, कारण घोडाही खातो. म्हणजे वाटणी न्यायाने होते की नाही, यावर घराघरातलं पीठ अवलंबून होतं.

चारेक वर्षांनी, ६२९ च्या सुमारास, खालिद मदीनेला गेले आणि मुसलमान झाले. त्यांच्याबरोबर अम्र इब्न अल-आस होते, ज्यांनी पुढे मिसर देश जिंकला. त्याच वर्षी आजच्या जॉर्डनमधल्या मुता गावाशी रोमी सैन्याशी गाठ पडली. रोमी म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाचे लोक. एकामागून एक तीन सरदार पडले. झेंडा खालिद यांच्या हाती आला. जिंकणं शक्य नव्हतं, त्यांनी उरलेलं सैन्य सुखरूप मागे आणलं. त्या दिवशी त्यांच्या हातात नऊ तलवारी मोडल्या असं सांगतात. ‘सैफुल्लाह’, म्हणजे अल्लाहची तलवार, हे नाव त्यांना तेव्हापासूनचं.

पण तलवार कुठे थांबवायची, हे खालिद यांना नेहमी उमगलं असं नाही. ६३० मध्ये मक्का मुसलमानांच्या हाती आली, त्यानंतर त्यांना बनू जजीमा नावाच्या टोळीकडे पाठवलं होतं. टोळीने शस्त्रं खाली ठेवली, तरी खालिद यांनी त्यांच्यातल्या काहींना मारलं. पैगंबरांना हे कळलं तेव्हा त्यांनी हात वर करून सांगितलं की, खालिदने केलं त्यात माझा भाग नाही. मग त्यांनी आपले जावई अली यांना पैसे देऊन त्या टोळीकडे पाठवलं. अली यांनी मेलेल्यांच्या घरच्यांना रक्तधन दिलंच, वस्तूंचंही नुकसान भरून दिलं. कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्याचेसुद्धा पैसे दिले, अशी नोंद आहे. आम्हाला या सगळ्या इतिहासात ते भांडं लक्षात राहतं.

पैगंबर ६३२ मध्ये वारले. अबू बकर पहिले खलिफा झाले आणि अनेक अरब टोळ्या फुटल्या. त्यांना वळणावर आणण्याचं काम मुख्यतः खालिद यांच्याकडे होतं. त्या मोहिमेत मालिक इब्न नुवैरा नावाचा टोळीप्रमुख कैद झाला. तो मुसलमान होता की फिरला होता यावर लोकांचं एकमत नव्हतं. त्याला मारलं गेलं आणि खालिद यांनी त्याची विधवा लैला हिच्याशी लग्न केलं. सैन्यातच संताप झाला. अबू कतादा नावाचे ज्येष्ठ साथीदार तडक मदीनेला तक्रार घेऊन गेले. उमर यांचं म्हणणं होतं, खालिदला काढा, शिक्षा करा. अबू बकर यांनी खालिद यांना बोलावून झाडलं, मालिकच्या भावाला रक्तधन दिलं, पण सेनापती बदलला नाही. अल्लाहने उपसलेली तलवार मी म्यान करणार नाही, असा त्यांचा सूर होता. या वादावर पुढे पानंच्या पानं लिहिली गेली, त्यात लैलाच्या मनात काय होतं याचा ठाव मात्र लागत नाही.

मग यमामाची लढाई, खोटा पैगंबर ठरवल्या गेलेल्या मुसैलिमाशी. दोन्हीकडची माणसं फार पडली. तिथे उम्म अमारा या मदीनेच्या बाई लढल्या आणि त्यांचा एक हात गेला. मुसैलिमाने त्यांच्या मुलाला आधी मारलं होतं. उहुदच्या लढाईत याच बाई मुसलमानांच्या बाजूने, म्हणजे खालिद यांच्याच विरुद्ध, तलवार घेऊन उभ्या होत्या.

६३३ मध्ये खालिद इराककडे गेले. तो मुलूख इराणच्या बादशहाचा. हीरा शहराने खंडणी कबूल करून तह केला. तेवढ्यात अबू बकर यांचा निरोप आला की शाममध्ये, म्हणजे आजचा सीरिया आणि आसपासच्या भागात, मदत हवी आहे, ताबडतोब निघा. सरळ रस्त्यावर रोमी ठाणी होती. उरली वाट वाळवंटाची, आणि मधे पाचेक दिवस पाण्याचा थेंब नाही. राफी नावाचा वाटाड्या म्हणाला, घोडी आणि सामान घेऊन हे जमणार नाही. तरी जायचंच ठरलं. मग काय केलं, तर उंटिणींना आधी तहानलेलं ठेवलं, मग पोटभर पाणी पाजलं, आणि रवंथ करू नये म्हणून त्यांची तोंडं बांधली. रोज काही उंटिणी कापायच्या, पोटातलं पाणी काढून घोड्यांना पाजायचं, मांस माणसांना. शेवटच्या दिवशी राफीचे डोळे आले होते, दिसेना. तो म्हणाला, इथे एक काटेरी झुडूप असायला हवं, शोधा. लोक म्हणाले, नाही. तो म्हणाला, मग आपण सगळे मेलो, पुन्हा पाहा. शेवटी तुटलेला बुंधा सापडला. तिथे खणलं, पाणी लागलं. लहानपणी वडिलांबरोबर तो एकदाच तिथे आला होता म्हणे. सेनापतीचं नाव सगळ्या पुस्तकांत येतं. आम्हाला वाटतं, त्या पाच दिवसांचं निम्मं श्रेय त्या डोळे आलेल्या वाटाड्याचं.

शाममध्ये ६३४ सालच्या उन्हाळ्यात अजनादैनची लढाई जिंकली, पुढे दमास्कस शहर घेतलं. याच धामधुमीत अबू बकर वारले आणि उमर खलिफा झाले. उमर यांची आई खालिद यांच्याच मख्जूम घराण्यातली. तरीही त्यांनी मुख्य सेनापतिपद खालिद यांच्याकडून काढून अबू उबैदा यांना दिलं. खालिद रुसले नाहीत. त्याच सैन्यात, अबू उबैदांच्या हाताखाली, लढत राहिले. ऑगस्ट ६३६ मध्ये यरमूक नदीकाठी झालेल्या मोठ्या लढाईत घोडदळ त्यांनीच खेळवलं, आणि रोमी राज्याच्या हातून शाम कायमचा गेला. या लढाईत पळून येणाऱ्या पुरुषांना छावणीतल्या बायकांनी तंबूच्या खांबांनी आणि दगडांनी हाणून परत पाठवलं, असं इतिहासकार लिहितात. लढाईआधी हिम्स शहर तात्पुरतं सोडून मागे यावं लागलं होतं. तेव्हा तिथल्या लोकांकडून घेतलेला कर परत केला गेला, कारण कर घेतला होता तो रक्षणासाठी आणि आता रक्षण होणार नव्हतं. ही नोंद बलाझुरीची.

आता मुख्य गोष्ट. पुढे खालिद उत्तर शाममध्ये किन्नसरीनचा कारभार पाहत होते. ६३८ च्या सुमाराला एका मोहिमेवरून भरपूर लूट घेऊन परतले. अशअस नावाचा एक बडा सरदार त्यांच्याकडे आला, आणि खालिद यांनी त्याला १०,००० दिरहम बक्षीस दिले. दिरहम म्हणजे चांदीचं नाणं. बातमी मदीनेत उमर यांच्या कानावर गेली. त्यांनी अबू उबैदांना कळवलं: खालिदला सगळ्यांसमोर उभा करा आणि विचारा, हा पैसा कुणाचा? स्वतःचा म्हणाला तर ती उधळपट्टी. लुटीतला म्हणाला तर तो अपहार. दोन्ही तऱ्हांनी त्याला पदावरून काढा.

अबू उबैदा पेचात पडले. भल्या माणसाला हे कसं विचारवणार? ते व्यासपीठावर गप्प बसून राहिले. उमर यांच्या दूताने पुन्हा पुन्हा विचारलं, खालिद बोलेनात. तेव्हा बिलाल उठले. बिलाल म्हणजे मक्केतले एकेकाळचे गुलाम, पुढे इस्लाममधले पहिले अजान देणारे. त्यांनी खालिद यांच्या डोक्यावरचं पागोटं काढलं, त्यानेच त्यांना बांधलं आणि विचारलं, तुझ्या पैशातून की लुटीतून? मक्केच्या श्रीमंत घरातला मुलगा, एकही लढाई न हरलेला सेनापती, आणि प्रश्न विचारणारा एकेकाळचा गुलाम. खालिद म्हणाले, माझ्या पैशातून. बिलाल यांनी ताबडतोब सोडवलं आणि पागोटं स्वतःच्या हाताने परत त्यांच्या डोक्याला बांधलं.

खालिद मदीनेला गेले. उमर यांना तोंडावर म्हणाले, माझ्यावर अन्याय केलात. उमर यांनी विचारलं, एवढी संपत्ती आली कुठून? खालिद म्हणाले, लुटीतल्या माझ्या वाट्यातून. ६०,००० च्या वर निघेल ते तुमचं. मोजदाद झाली, २०,००० जास्त निघाले, ते सरकारजमा झाले. त्यानंतर उमर यांनी सगळ्या प्रांतांना कळवलं की मी खालिदला रागाने किंवा अफरातफरीसाठी काढलेलं नाही. लोकांना वाटू लागलं होतं की विजय त्याच्यामुळेच मिळतो, ते अल्लाहला विसरतील अशी मला भीती वाटली.

उमर बरोबर होते का? आमच्यात यावर चर्चा झाली आणि एकमत झालं नाही. काहीजणी म्हणाल्या, पैसे त्यांचेच निघाले, मग चारचौघांत पागोटं का उतरवलं? एकांतात विचारता आलं असतं. काहीजणी म्हणाल्या, एकांतात मोठ्या माणसाला कोण विचारतं! आम्ही जे गटाचं रजिस्टर धरतो, त्यांना दोन्ही पटतं.

याच सुमारास उमर यांनी लूट जागच्या जागी वाटून टाकण्याऐवजी नावनिशीवार यादी करून दरसाल रक्कम द्यायला सुरुवात केली. इराणी कारभाराच्या धर्तीवरच्या या नोंदवहीला दीवान म्हणत. आपला दिवाणजी आणि दिवाणी न्यायालय त्याच शब्दातून आलेत. हिशेब, जमा, बाकी, वसूल हे आपल्या वहीतले शब्दही मूळ अरबीच, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. या यादीत बायका-मुलांचीही नावं होती. एक गोष्ट सांगतात: आधी दूध तुटलेल्या मुलालाच रक्कम मिळायची. एका रात्री उमर गस्त घालत असताना एक तान्हं सारखं रडताना ऐकू आलं. आई म्हणाली, लवकर दूध तोडतेय, म्हणजे त्याचं नाव यादीत लागेल. तिला माहीत नव्हतं, समोर कोण उभं आहे ते. दुसऱ्या दिवशी उमर यांनी नियम बदलला: मूल जन्मल्यापासून नाव लागायचं.

पुढे शाममध्ये प्लेगची मोठी साथ आली, अबू उबैदा तीत गेले. खालिद ६४२ च्या सुमारास वारले. कुणी म्हणतं हिम्सला, कुणी म्हणतं मदीनेत. हिम्समध्ये त्यांच्या नावाची मोठी मशीद आहे. सीरियातल्या अलीकडच्या युद्धात २०१३ मध्ये तिथल्या कबरीलाही इजा झाली. अंगावर जखमेविना वीतभर जागा नसताना आपण अंथरुणात मरतोय, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. मागे निघालं काय, तर घोडा, हत्यारं आणि एक गुलाम. उमर यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, आपण समजत होतो तसा तो नव्हता.

मेलेल्यासाठी गळा काढून रडणं उमर यांना मुळीच खपत नसे. मख्जूम घराण्यातल्या बायका खालिद यांच्यासाठी जमून रडू लागल्या, तेव्हा कुणीतरी जाऊन त्यांना सांगितलं, थांबवा यांना. उमर म्हणाले, रडू द्या.